उंबरठ्यावरचा फझ: जुन्या धाटणीचं फझ पेडल आणि ट्यूब ॲम्प यांचं सूत कसं जुळवायचं

बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सरावाच्या खोलीत मी पहिल्यांदा बिग मफ नावाचं फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून घरघरता करणारा डबा, घेऊन गेलो. घरी एकट्यानं वाजवताना त्या पेडलनं खिडकीची तावदानं थरथरायची. खोलीत फेंडर ट्विन रिव्हर्बच्या जातीचा एक धिप्पाड ॲम्प होता. ड्रम सुरू झाले, बेस आला, मी पेडलवर पाय दिला आणि गिटार गायब. आवाज कमी झाला नव्हता, उलट वाढलाच होता. तरी दोन कडव्यांनंतर बेसवाल्यानं मान वर करून विचारलं, "अरे, तू वाजवतोयस ना?"

त्या दिवशी मी खापर पेडलवर फोडलं आणि महिन्याभरात ते विकून टाकलं. खरं तर पेडलही ठीक होतं आणि ॲम्पही. दोघांना एकत्र बसवताना माझी अक्कल कमी पडली होती. बाकीची बहुतेक पेडल्स कुठल्याही ॲम्पला लावली तरी आपला स्वभाव टिकवून असतात. फझचं तसं नाही. फझ म्हणजे अर्धंच सर्किट, उरलेलं अर्धं ॲम्पमध्ये असतं. शिवाय गिटारचा व्हॉल्यूम नॉबही त्या सर्किटचाच भाग असतो, पण ते पुढे.

फझ ॲम्पकडे काय पाठवतो

फझचा जन्म बिघाडातून झाला. १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका रेकॉर्डवर ग्रेडी मार्टिनच्या बेसचा आवाज नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या कन्सोलच्या एका नादुरुस्त चॅनलमधून गेला आणि घरघरत बाहेर पडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड पुसून न टाकता त्याचं सर्किट बनवलं. गिब्सननं तेच १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावानं विकायला काढलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं ते वापरलं आणि मग सगळ्या जगाला फझ हवा झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्टनं टोन बेंडर बनवला, १९६६ मध्ये आर्बिटरचा गोल थाळीसारखा फझ फेस आला आणि १९६९ मध्ये न्यूयॉर्कहून इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बिग मफ.

या सगळ्यांचं मूळ काम एकच. गिटारची गोलाईदार लहर वरून-खालून इतकी कापायची की ती जवळजवळ चौकोनी होते. चौकोनी लहरीत वरच्या स्वरांशांची रेलचेल असते. ॲम्प अगदी स्वच्छ असेल, म्हणजे आत येईल ते जसंच्या तसं मोठं करत असेल, तर ती सगळी टोकदार कड तुमच्या कानावर आदळते. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज येतो तो यामुळे.

उलट ॲम्प आधीच फुटायला आलेला असेल, तर त्याच्या ट्यूब त्या चौकोनाचे कोपरे घासून गोल करतात, वरची कचकच दबते, स्वराला अंग येतं. पण तोच ॲम्प फुटण्याच्या फार पुढे गेला असेल, तर फझचा भलामोठा सिग्नल आतल्या ट्यूबच्या ग्रिडवर आदळतो, कपलिंग कपॅसिटर चार्ज होऊन बसतात आणि ट्यूब क्षणभर गुदमरते. मग जाड तारेवर आघात केला की 'फ्रर्प' असा फाटका आवाज येतो आणि स्वर मागाहून सावरतो. वाटतं स्पीकर फाटला, पण स्पीकर ठणठणीत असतो.

म्हणजे ॲम्प स्वच्छ राहायचं सोडून फुटायला लागतो त्या जागेला महत्त्व. मी तिला उंबरठा म्हणतो. कुठला फझ उंबरठ्याच्या अलीकडे शोभतो, कुठला नेमका त्यावर आणि कुठला पलीकडे, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आधी ॲम्पचा उंबरठा शोधा, पेडल न लावता

हे काम टाळून थेट फझ लावणारे पुढे सहा महिने नॉब फिरवत बसतात. मीही बसलो होतो. अर्धा तास लागतो, एकदाच करायचं.

सुरुवातीला दोन सूचना. ट्यूब ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि ॲम्पची मागची बाजू उघडायची नाही. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये दबा धरून बसलेले असतात.

अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर आपल्या २३० व्होल्टसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ॲम्पच्या पाटीवर लिहिलेल्या खपाच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. लहान घेतला तर तो तापतो, व्होल्टेज खाली येतं आणि उंबरठाही सरकतो. ज्या भागात संध्याकाळी वीज उतरते तिथे हाच प्रकार ट्रान्सफॉर्मर चांगला असूनही होतो. दुपारी स्वच्छ वाटलेला ॲम्प रात्री लवकर फुटतो आणि आपण पेडलवर संशय घेतो.

आता पुढीलप्रमाणे करा.

१. ॲम्प चालू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. रिव्हर्ब, ट्रेमोलो बंद. बेस, मिड, ट्रेबल मधोमध.

२. गिटार थेट ॲम्पमध्ये लावा. गळ्याकडचा पिकअप, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण.

३. जाडी तार मोकळी वाजवत ॲम्पचा व्हॉल्यूम अर्ध्या अर्ध्या आकड्यानं वाढवा. आघाताच्या क्षणी, फक्त त्या क्षणी, तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखं 'चर्र' ऐकू आलं की थांबा. हा उंबरठा.

४. कागदी चिकटपट्टीचा तुकडा नॉबशेजारी लावून त्यावर खूण करा.

५. तसंच पुढे जात राहा. कधीतरी अशी जागा येते की नॉब फिरवला तरी आवाज मोठा होत नाही, फक्त दाट होतो. तिथे दुसरी खूण.

या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमच्या ॲम्पचा स्वभाव. ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, चार ६एल६ ट्यूबचा. त्याची पहिली खूण येईपर्यंत शेजारी दारात उभे असतात. डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा, त्याची खूण साधारण चार-पाचच्या आसपास सापडते. पन्नासच्या दशकातला ट्वीड डिलक्स, किंवा आज त्या धर्तीवर बनणारे लहान ॲम्प, तिसऱ्या आकड्यालाच उंबरठा ओलांडून बसलेले असतात. गिटार बदलली की खूणही बदलते. हंबकरवाली (दुहेरी गुंडाळीच्या, जोरकस पिकअपची) गिटार तीच खूण एक-दीड आकडा अलीकडे आणते.

सगळ्यात आधी, फझच्या आधी काय आहे ते पाहा

एकदा महिनाभर माझा फझ फेस नीट वाजेना. कर्कश, पातळ, आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवला तरी स्वच्छ होईना. मी ट्रान्झिस्टर बदलले, बॅटऱ्या बदलल्या, सोल्डर पुन्हा केलं. शेवटी एका मित्रानं पेडलबोर्डकडे पाहून विचारलं, "ट्यूनर आधी कशाला ठेवलायस?" त्या ट्यूनरमध्ये बफर होता, म्हणजे सिग्नलला जोर देऊन पुढच्या पेडलपासून गिटारला अलग करणारं छोटं सर्किट. केबल काढून फझ पहिला केला आणि महिन्याची मेहनत पाच सेकंदांत निकालात निघाली.

कारण असं. ॲम्पच्या इनपुटचा इंपीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, साधारण १ मेगओहम असतो, फझ फेसचा मात्र काही किलोओहम. इतका कमी, की गिटारचा पिकअप त्याच्या सर्किटचा भाग बनून जातो. त्याची गुंडाळी आणि फझचा पहिला ट्रान्झिस्टर एकमेकांवर भार टाकतात, वरची टोकं आपसूक मऊ होतात. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून आठवर आणला की मध्ये रोध वाढतो, फझला कमी प्रवाह मिळतो आणि तो झपकन स्वच्छ, काचेसारख्या आवाजाकडे झुकायला लागतो. मध्ये बफर आला की हे नातंच तुटतं.

तेव्हा फझ फेस आणि टोन बेंडर या जातीची पेडल्स गिटारनंतर पहिली. वायरलेस, बफर असलेला ट्यूनर, बफर्ड बायपासचं (बंद असतानाही सिग्नल बफरमधून सोडणारं) कुठलंही पेडल त्यांच्यानंतर. वाह-वाह आधी ठेवला तर अनेकदा शिट्टी मारतो किंवा त्याची झेपच मरते. वाहवर तुमचा फारच जीव असेल तर तो फझनंतर लावून पाहा. बिग मफ या बाबतीत सोशिक आहे, त्याला बफरचं वावडं नाही.

आता जोड्या

नॉबची दिशा घड्याळाप्रमाणे सांगतो. बारा वाजता म्हणजे सरळ वर.

फझ फेस आणि मार्शल ही जोडी आधी घेतो, कारण फझ फेसचा आवाज म्हणून आपल्या कानात जे बसलंय ते मुळात या जोडीचं आहे. जिमी हेंड्रिक्सची स्ट्रॅटोकास्टर, फझ फेस आणि १०० वॅटचा मार्शल सुपर लीड. मार्शलचा पहिला ॲम्प, जेटीएम ४५, फेंडरच्या बेसमनच्या सर्किटवरून लंडनमध्ये बेतला गेला. पुढच्या मॉडेल्समध्ये ईएल३४ ट्यूब आल्या आणि आवाज अधिक पुढे येऊन बोलायला लागला. खाली चार स्पीकरचं बंद पाठीचं कॅबिनेट. फझ फेसमध्ये जे कमी आहे ते सगळं या ॲम्पमध्ये आहे. मिड भरपूर, वरच्या टोकांना लगाम, आणि उंबरठ्यावर आल्यावर दाबून धरणारी पकड.

जुन्या मार्शलला चार इनपुट असतात, ब्राइट आणि नॉर्मल असे दोन चॅनल. गिटार ब्राइटच्या पहिल्या भोकात लावा आणि त्याच चॅनलच्या दुसऱ्या भोकातून वीतभर केबल नॉर्मलच्या पहिल्या भोकात न्या. याला जंपर करणं म्हणतात. फझसाठी नॉर्मल चॅनलचा व्हॉल्यूम तुमच्या उंबरठ्याच्या खुणेवर ठेवा आणि ब्राइट फक्त दोनपर्यंत, चव येण्यापुरता. प्रेझेन्सचा, म्हणजे अगदी वरच्या टोकांचा, नॉब शून्यापासून सुरू करा. बेस तीनच्या वर नको. फझ फेसच्या इनपुटला २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि तो खर्ज जराही अडवत नाही.

आता फझ लावा. फझचा नॉब जवळजवळ पूर्ण, पूर्णाच्या किंचित अलीकडे. तिथे फुसफुस कमी होते आणि स्वर घट्ट राहतो. व्हॉल्यूम दोन-तीन वाजता. घाबरू नका, जुन्या आराखड्याच्या जर्मेनियम फझ फेसचा आउटपुट मुळात फार मोठा नसतो. मग गिटारचा व्हॉल्यूम सात करा आणि या अवस्थेत कॉर्ड वाजवा. इथे आवाज आवडेपर्यंत ॲम्प जुळवायचा. दहावर जुळवायचा नाही. सातवर तालाचं काम, दहावर सोलो, पाचवर स्वच्छ, आणि पेडलवर पाय एकदाच द्यायचा. ही सवय लागली की फझ बंद करावासाच वाटत नाही.

फझ फेस आणि साठच्या दशकातला फेंडर हे जोडपं जरा भांडकुदळ आहे. ब्लॅकफेस (साठच्या दशकातल्या काळ्या पट्टीच्या) फेंडरचा टोन स्टॅक, म्हणजे बेस-मिड-ट्रेबलचं सर्किट, सगळे नॉब मध्यावर असताना चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. स्वच्छ गिटारला तो खड्डाच शोभा देतो, पण फझची सगळी छाती नेमकी तिथे असते. खाली ढोलाचा घुमारा, वर सुईची टोकं आणि मध्ये पोकळ. डिलक्स रिव्हर्बला मिडचा नॉबच नाही, आत एक ठरावीक रेझिस्टर बसवलेला. वर व्हायब्रेटो चॅनलच्या व्हॉल्यूमवर ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कॅप (वरची टोकं उजळणारा कपॅसिटर) कायमचा. व्हॉल्यूम जितका कमी, तितका हा कॅप जास्त टोचतो.

इथे उपाय उलट्या दिशेनं करायचा. मिड वाढवता येत नसतील तर बाकीचं उतरवा. बेस दोन, ट्रेबल तीन. या टोन स्टॅकमध्ये दोन्ही टोकं खाली आणली की खड्डा आपोआप बुजत जातो, आणि एकूण आवाज पडतो तो व्हॉल्यूमनं भरून काढायचा. व्हॉल्यूम वाढला की ब्राइट कॅपचा चावाही सौम्य होतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. आणखी सोपं हवं असेल तर नॉर्मल चॅनल वापरा. तिथे ब्राइट कॅप नाही. रिव्हर्बवर पाणी सोडावं लागतं, पण फझवर स्प्रिंग रिव्हर्ब मला तरी कधी गोड लागलेला नाही.

ट्विनच्या बाबतीत ब्राइट स्विच बंद, मिड दहा, बेस दोन, ट्रेबल चार. पण ट्विनचा उंबरठा माणसाच्या सहनशक्तीपलीकडे आहे, तेव्हा इथे खोटा उंबरठा बांधावा लागतो. फझनंतर ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा एक ओव्हरड्राइव्ह कायम चालू ठेवा. ड्राइव्ह आठ-नऊ वाजता, टोन अकराला, लेव्हल जरा चढा. या सर्किटचा उंचवटा साधारण ७२० हर्ट्झपाशी आहे आणि ते खालचा खर्ज आपणहून कापतं. फेंडर जे काढून घेतो ते हे परत देतं. चाळीस वर्षं बदनाम झालेलं हे हिरवं पेडल इथे मात्र सोन्याच्या मोलाचं आहे. क्रम लक्षात ठेवा: आधी फझ, मग ओव्हरड्राइव्ह. उलट केलंत तर बफरचा तोच घोळ पुन्हा.

टोन बेंडर आणि व्हॉक्स. टोन बेंडरच्या अनेक आवृत्त्या आहेत, पण मार्क टू म्हणजे तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, फझ फेसपेक्षा जास्त गेनचा (सिग्नल जास्त पटीनं वाढवणारा), जास्त दातेरी आणि खर्जात आवरलेला. व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ ट्यूब असतात आणि निगेटिव्ह फीडबॅक (बाहेरचा थोडा सिग्नल मागे वळवून आवाज स्वच्छ ठेवणारी सोय) नसतो, त्यामुळे तो लवकर आणि हळुवार फुटतो. उंबरठा म्हणण्यापेक्षा उतरण म्हणा. टोन बेंडरची दातेरी कड या उतरणीवर छान घासली जाते.

चूक होते ती टॉप बूस्ट चॅनल वापरण्यात. तो आधीच झळझळीत, त्यात टोन बेंडर म्हणजे आगीत तेल. नॉर्मल चॅनल घ्या, उंबरठ्याच्या अर्धा आकडा अलीकडे थांबा आणि मग कट नावाचा नॉब वापरा. हा उलट्या स्वभावाचा आहे, उजवीकडे फिरवला की वरची टोकं कमी होतात. तो पॉवर ट्यूबच्या तोंडाशी काम करतो, म्हणून फझची कचकच तिथेच मरते आणि आघाताचा टणकपणा शिल्लक राहतो. दोन वाजेपर्यंत न्यायला हरकत नाही.

ट्वीड जातीच्या लहान ॲम्पबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. बारा-पंधरा वॅटचा, दाट मिडचा, खर्जात सैल असा हा ॲम्प स्वतःच एक फझ आहे. त्याच्यासमोर फझ फेस पूर्ण उघडला की मघाशी सांगितलेला 'फ्रर्प' हमखास. व्हॉल्यूम तीनच्या खाली आणि फझचा व्हॉल्यूम पेडल बंद असतानाच्या आवाजाच्या बरोबरीला ठेवून काम चालवता येतं. पण अशा ॲम्पला माएस्ट्रोच्या वळणाचा पातळ, चिरका फझ जास्त मानवतो. एकट्यानं ऐकला तर तो खेळण्यासारखा वाटतो. या जाड्या ॲम्पमध्ये गेला की बासरीवाल्याला तबलजी मिळाल्यासारखं होतं.

सोल्डरिंग येत असेल तर फझ फेसचाच इनपुट कपॅसिटर बदलून पाहा. पेडलचा इनपुट इंपीडन्स दहा किलोओहम धरला, तर २.२ मायक्रोफॅरडनं सात हर्ट्झपर्यंतचं सगळं आत येतं. ०.१ केला की १६० हर्ट्झच्या खाली उतार सुरू होतो. गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झची, म्हणजे तिचा ढेकर जातो, स्वर राहतो. दहा-वीस रुपयांचं काम आहे. बोर्डवर छोटा स्विच बसवून दोन्ही कपॅसिटर ठेवले तर एकच पेडल दोन ॲम्पना चालतं.

बिग मफ मात्र वेगळ्या कुळातला. चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, त्यातल्या मधल्या दोन टप्प्यांत डायोडनं कापणी, आणि शेवटी टोनचं असं सर्किट की नॉब मध्यावर असताना एक किलोहर्ट्झच्या आसपास दरी पडते. आता माझ्या त्या सरावाच्या खोलीचा हिशोब मांडा. मफची दरी एक हजारवर, फेंडरचा खड्डा चारशे-पाचशेवर. गिटार ज्या पट्ट्यात बोलते तो सगळा पट्टा मी स्वतःच्या हातानं रिकामा केला होता. खालचा घुमारा बेसनं गिळला, वरची सळसळ झांजांनी. बेसवाल्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

मफचा सिग्नल आधीच दाबून सपाट केलेला असतो. त्याला उंबरठ्यावरचा ॲम्प आणखी दाबतो आणि चिखल होतो. म्हणून मफला उंबरठ्याच्या बराच अलीकडे राहणारा, पण मिड भरपूर देणारा ॲम्प हवा. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर बिग मफ हायवॉटच्या १०० वॅटच्या डीआर१०३ मधून वाजवत असे. तो ईएल३४ ट्यूबचा असूनही मार्शलसारखा चटकन फुटत नाही, कडक इस्त्रीचा ॲम्प आहे. ते जमणार नसेल तर मार्शलच पहिल्या खुणेच्या दोन आकडे खाली ठेवा, मिड आठ, बेस तीन. मफवर सस्टेन अकरा वाजता, पूर्ण नाही. टोन दहा वाजता. घरी ऐकताना हे बेचव लागेल. बँडमध्ये ऐका आणि मग बोला.

उष्णतेचा प्रश्न, जो इंग्लंडमधल्या लोकांना आपल्याइतका कळणार नाही

जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून प्रवाह गळत असतो आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की ही गळती दुपटीच्या घरात जाते. ही पेडल्स लंडनच्या हवेत जन्मली. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी ४० अंश, विदर्भात त्याहून जास्त. जानेवारीत मलईसारखा वाजणारा फझ एप्रिलमध्ये गुदमरतो, स्वर अर्ध्यात तुटतात, तो यामुळे. ॲम्प जुळवायला बसायच्या आधी हे तपासा, नाहीतर चुकीच्या आवाजावर ॲम्प बसवाल.

पेडल ट्यूब ॲम्पच्या डोक्यावर ठेवायचं नाही, खालच्या ट्यूब त्याला भाजतात. उघड्यावरच्या कार्यक्रमात साउंडचेकला उन्हात ठेवलं असेल तर वर पांढरा रुमाल टाका. हसतील लोक, हसू दे.

आणि एक मल्टीमीटर जवळ ठेवा. फझ फेसमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ग्राउंडच्या तुलनेत साधारण ४.५ व्होल्ट असायला हवेत, म्हणजे बॅटरीच्या निम्मे. जर्मेनियम पीएनपी असेल तर काटा उणे दाखवेल. बहुतेक नव्या पेडल्समध्ये आत एक छोटा ट्रिमपॉट असतो. बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं तो हळूहळू फिरवून ४.५ वर आणा आणि शेवटचा निर्णय कानावर सोपवा. बाहेर बायसचा, म्हणजे हेच व्होल्टेज जुळवायचा, नॉब असलेलं पेडल मिळत असेल तर आपल्या हवेत तेच घ्यावं. या भानगडीत पडायचंच नसेल तर सरळ सिलिकॉनचा फझ फेस घ्या. उन्हाचा त्याला जवळजवळ फरक पडत नाही. तो जास्त चढेल आणि टोकदार आहे, त्यामुळे ॲम्पचा ट्रेबल वरच्या आकड्यांपेक्षा एकानं खाली ठेवा.

स्वतः बनवणाऱ्यांसाठी: एसी१२८ हा जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टर फझ फेससाठी उत्तम, आणि आपल्याकडे तो भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्क्याचाही सापडतो. जुन्या रेडिओंच्या भंगारात, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानांच्या खणांत. पहिल्या जागी ७० ते ८० च्या आसपासचा गेन, दुसऱ्या जागी ११० ते १३०. पण साध्या मल्टीमीटरवरचा गेनचा आकडा खरा धरू नका, त्यात गळतीही मिसळलेली असते. दहा घेतलेत तर दोन कामाचे निघतात.

वीज

पीएनपी जर्मेनियम पेडल्स बहुधा पॉझिटिव्ह ग्राउंडची असतात. ती बाकीच्या पेडल्ससोबत एकाच साखळी-वायरवर लावली की शॉर्ट होतं. वेगळा, आयसोलेटेड आउटपुट द्या, नाहीतर बॅटरी. फझ बॅटरी इतकी कमी खातो की महिनोन्‌महिने चालते. फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढायला विसरू नका. आपल्याकडे दुकानात मिळणारी हाय-वॉट नावाची लाल झिंक-कार्बन बॅटरी झकास चालते. गिलमोरच्या ॲम्पशी तिचं नामसाधर्म्य तेवढं. अल्कलाइन आणि झिंक-कार्बन यांत स्वर्ग-पाताळाचा फरक आहे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मला फरक ऐकू येतो तो बॅटरी उतरल्यावरच.

घरात हळू आवाजात

उंबरठा गाठायला आवाज लागतो आणि सोसायटीत आवाज चालत नाही. मास्टर व्हॉल्यूमचा ॲम्प असेल तर प्रीॲम्प उंबरठ्यावर आणून मास्टर खाली ठेवता येतो. पॉवर ट्यूबची ती दाब देणारी पकड मिळत नाही, पण कोपरे बऱ्यापैकी गोल होतात. मास्टर नसेल तर ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारा डबा. त्याचे ओहम ॲम्पच्या आउटपुटशी जुळलेले हवेत. निम्म्यापेक्षा फार खाली ओढलं की स्पीकरच नीट हलत नाही आणि फझ पुन्हा पातळ वाटायला लागतो. पाच वॅटचा एखादा छोटा ॲम्प हा या सगळ्यापेक्षा सुटसुटीत मार्ग, पण त्याच्यासोबत वर ट्वीडबद्दल सांगितलेले नियम पाळा.

एवढं करूनही आवाज बसत नसेल तर नॉब सोडा आणि ॲम्पसमोरून उठा. गिटारचा स्पीकर वरची टोकं अगदी सरळ रेषेत फेकतो. आपण ॲम्पच्या शेजारी उभे, स्पीकर आपल्या पोटऱ्यांकडे तोंड करून, आणि म्हणतो ट्रेबल कमी आहे. समोरच्या माणसाचे कान सोलले जात असतात. एक मोठी केबल घ्या, तीन-चार पावलं मागे जाऊन स्पीकरच्या उंचीवर कान आणून वाजवा. मी हल्ली सरावाच्या खोलीत ॲम्प खुर्चीवर ठेवतो, बेसवाल्याला गिटार ऐकू येतेय का ते विचारतो आणि तो हो म्हणेपर्यंत मिड वाढवत राहतो.